पालखी उतरेपर्यंत

वरवाडी, तालुका रत्नागिरी
२० जानेवारी १९८६

महिपत,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

तुझं पत्र पोचलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आणि तुझं अक्षर पळतं, म्हणून दोनदा वाचलं. मोसम संपला की तुमची टीम कुठल्यातरी गरीब वस्तीत जाऊन पोरांना खेळ शिकवते, गेल्या वर्षी मुंबईतल्या एका झोपडपट्टीत उकिरडा उपसून मैदान केलंत, हे वाचून बरं वाटलं. पण यंदा आपलंच गाव कशाला? सड्यावरच्या बंद चिरेखाणीत मैदान करायचं म्हणतोस. जांभा कापून नेल्यावर उरलेला तो खड्डा. पावसात तिथे तळं होतं. शिवाय एवढी माणसं राहणार कुठे, जेवणार काय? तुझा कप्तान युसुफ मालगुंडचा, म्हणजे आपल्याच बाजूचा, त्याची काळजी नाही. पण तो गोव्याचा गोलकीपर कुळथाची पिठी खाईल का? त्याला आपल्या विहिरीचं पाणी बाधलं तर कंपनी मला विचारील. फुटबॉल खेळायचा पगार देणारी कंपनी कशी असते हे मला अजून उमगलेलं नाही. तसली माणसं रागावली तर काय करतात, तेही ठाऊक नाही.

आता मुख्य गोष्ट. यंदा शिमग्याला वाघजाईची पालखी आपल्या घरी वस्तीला आहे. मागे हा मान आला तेव्हा तू पाळण्यात होतास आणि तुझी आई होती. पालखीची पुढची दांडी घरच्या मुलाने खांद्यावर घ्यायची असते. खेळाडू येवोत न येवोत, तू शिमग्याला आला पाहिजेस.

आणखी एक बजावून ठेवतो. बाबल्या तुझ्या खोलीत राहतो, आपल्या भावकीतला आहे, त्यालाही सांग. भिकाजीकडे काय झालं ते तुला माहीत आहे. पालखी अंगणात उभी आणि पोस्टमनने कोपरा फाडलेलं कार्ड आणून दिलं. चुलता मुंबईला वारलेला. तेच कार्ड पालखी गेल्यावर आलं असतं तर काही बिघडलं नसतं, कारण सुतक कानावर आल्यापासून धरायचं. पण कानावर आलं. पालखी उंबऱ्यावरून मागे फिरली. भिकाजी अजून त्या बाजूला पाय करून निजत नाही. म्हणून सांगतो, पालखी उतरून देवी देवळात परत बसेपर्यंत मुंबईहून मला वाईट काही कळवायचं नाही. मयत नको, आजारपणही नको. माझा जीव मुळात थोडा. आजारपण कळलं तरी मी सगळं टाकून गाडीत बसेन आणि देवी दारात तशीच राहील.

थंडीत सराव करताना कान बांधत जा.

काशीराम

मुंबई
३ फेब्रुवारी १९८६

बाबा,

तुमचं पत्र मी खोलीत मोठ्याने वाचलं. बाबल्याने कान धरून कबूल केलं आणि युसुफभाईनेही. मिंगेल, आमचा गोलकीपर, विचारतो की कुळथाची पिठी म्हणजे काय. त्याला सांगितलं, तुझ्या हाताला चेंडू चिकटत नाही ना, ती लाव.

आपलंच गाव कशाला, ते सांगतो. लहानपणी मी चिंध्यांचा चेंडू करून सड्यावर खेळायचो, तुम्हाला आठवत असेल. जोरात मारला की चेंडू उतारावरून थेट खाडीकडे. अर्धा दिवस खेळण्यापेक्षा शोधण्यात जायचा आणि घरी आलो की तुमचा मार. खाणीला चारी बाजूंनी भिंत आहे बाबा. चेंडू जाणार कुठे? आमच्या कोचसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, देवाने बांधलेलं स्टेडियम आहे. पाणी जायला खालच्या अंगाची भिंत फोडून चर काढू, म्हणजे तळं होणार नाही.

टीम सोळा तारखेला येते. मी मात्र त्यांच्याबरोबर येऊ शकणार नाही. इथे थोडं काम निघालं आहे. युसुफभाई सगळं बघेल. त्याला माझ्यासारखंच समजा, फक्त मारू नका.

मी उत्तम आहे. तेलकट-तिखट सध्या बंद आहे, कोचसाहेबांचा हुकूम. बाबल्या मुद्दाम माझ्यासमोर बसून भजी खातो.

शिमग्याला येतो. पुढची दांडी माझी.

तुमचा,
महिपत

वरवाडी
२४ फेब्रुवारी १९८६

महिपत,

तुझी माणसं काल गेली. गाव रिकामं झाल्यासारखं वाटतं, आणि चार दिवसांपूर्वी ती कधी जातील याची मी वाट बघत होतो.

शाळेत उतरली होती. पहाटे उठून धावायची. सखू म्हणाली, "एवढे बाप्ये अर्ध्या चड्डीवर पळतात, त्यांच्या मागे कोण लागलंय गो?" पण ते खाणीत उतरले आणि तीही बघत राहिली. डोक्यावर दगडाची घमेली घेऊन वर चढत होते. तो मिंगेल तर दोन घमेली एकावर एक. माझा जीव खालीवर. पाय घसरला आणि मोडला तर त्याचा पगार पायाचा आहे की हाताचा, म्हणून युसुफला विचारलं. तो हसून म्हणाला, "काका, गोलकीपरचा पगार शिव्या खाण्याचा."

माती टाकून झाली आणि रोलर मागवायची बोलणी सुरू झाली. तेव्हा सगुणा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रोलर कशाला? आम्ही खळी काय रोलरने करतो?" वाडीतल्या बायका आपापली चोपणी घेऊन आल्या, माती भिजवली आणि खळं चोपतात तसं सगळं मैदान चोपून काढलं. तुझे खेळाडू त्यांच्या ओळीत बसून चोपत होते. त्यांचं चोपणं उलटं पडायचं आणि बायका त्यांना अशी नावं ठेवायच्या की मी कानावर हात ठेवले. शेवटी बायका शेण कालवून सगळं मैदान सारवायला निघाल्या, त्यांना कसंतरी आवरलं. शेवटच्या दिवशी पोरांची मॅच झाली. मैनाच्या थोरल्या मुलीने गोल मारला. मैना ओरडली, "अगो, साडी नेसायचं वय झालं तुझं!" आणि मग तीच पदर खोचून टाळ्या वाजवत राहिली.

तू असतास तर बघितलं असतंस. जो तो मला विचारत होता, महिपत का नाही आला? मी सांगितलं, मोठा खेळाडू झाला, कामं असतात. सांगताना बरं वाटलं नाही.

युसुफ चांगला माणूस आहे, पण डोळ्याला डोळा देत नाही. तुझं नाव काढलं की बुटाची नाडी सोडतो आणि परत बांधतो. जाताना सगुणाकडून त्याने काविळीचं औषध मागून घेतलं, ती देते ते मुळीचं. त्याची बायको नसीमा आजारी असणार. मी काही विचारलं नाही, परक्या घरचं आजारपण कशाला विचारा. तिला उसाचा रस द्या म्हणून सांग.

काशीराम

मुंबई
६ मार्च १९८६

काशीरामकाका, सलाम.

महिपतच्या हाताला थोडं लागलं आहे, म्हणून त्याच्या वतीने मी लिहितो. तुमचं पत्र त्याने तीनदा वाचून घेतलं. बायकांनी मैदान सारवायला काढलं ते ऐकून हसला. मैनाच्या मुलीने गोल कुठल्या पायाने मारला ते विचारा म्हणतो.

तो तुमची फार आठवण काढतो. काका, तुम्हाला सवड असेल तर दोन दिवस मुंबईला येऊन जाल का? संध्याकाळच्या गाडीत बसलात तर सकाळी मी स्टँडवर घ्यायला येईन. माझ्या घरी उतरा. वेगळ्या भांड्यांत तुमचं जेवण तुम्ही करा, सगळी सोय आहे. त्याचा सामना बघितलेला नाही तुम्ही कधी. मैदान तरी बघाल.

जानेवारीतलं तुमचं पत्र मी विसरलेलो नाही. तसं काही नाही. फक्त येऊन जा.

युसुफ

वरवाडी
१२ मार्च १९८६

युसुफ,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस विचार करत होतो. शेवटी येत नाही हे ठरलं.

आता कसा येऊ? घराला सफेती चालू आहे. अंगणात मांडव घालायचा, पालखीची बैठक करायची. गुरव येऊन जागा बघून गेला, तो म्हणाला चौथरा वाकडा आहे, तो पुन्हा घालायला घेतला. एकट्या माणसाने काय काय करायचं? तुला घरी आई आहे, बायको आहे, तुला हे कळायचं नाही. पालखी गेली की येईन, तेव्हा सामना असेल तर बघेन.

आणि हाताला लागलं तर खेळाडूला दुसरा हात नाही का? वाडीच्या मैदानाला येता आलं नाही, कारण काम निघालं. पत्र लिहिता येत नाही, कारण हाताला लागलं. मला सगळं समजतं. मुंबईत पेपरात नाव आलं की गावचा बाप आठवेनासा होतो. त्याला विचार, खांद्याला तर लागलेलं नाही ना? पुढची दांडी त्याची आहे. तो धरणार म्हणून मी सगळ्या वाडीत सांगून बसलो आहे. आणि शिमग्याला आला नाही तर परत कधीच आला नाही तरी चालेल, हेही सांग. जसं लिहिलं आहे तसं वाचून दाखव.

मैदान चांगलं आहे. गुरं जाऊ नयेत म्हणून मी तोंडावर काटेरी फांद्यांची काटी लावली. पोरं काटीखालून जातात. मैनाच्या मुलीने डाव्या पायाने गोल मारला.

नसीमाला उतार पडला का? तिला अजून तेलकट देऊ नका.

काशीराम

मुंबई
२१ मार्च १९८६

काशीरामकाका,

महिपतला शिमग्याला येता येणार नाही. बाबल्यालाही नाही. मला माफ करा.

पालखी व्यवस्थित होऊ दे. तुम्ही जेवत जा.

युसुफ

वरवाडी
३ एप्रिल १९८६

युसुफ,

पालखी व्यवस्थित झाली. परवा देवी देवळात जाऊन बसली.

पुढची दांडी मी धरली. वाडीतले म्हणाले, "काशीरामतात्या, झेपायचं नाही, दुसरा कोणी घालू." मी ऐकलं नाही. माझ्या घरचा मान, माझाच खांदा. ढोल वाजायला लागले तेव्हा पाय आपोआप उचलले गेले. आई वाघजाई अंगणात नाचली, मग चौथऱ्यावर बसली, बायकांनी ओट्या भरल्या. रात्रभर मी तिच्यासमोर बसून होतो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बाहेरगावी असलेल्या लेकराबाळांना सुखी ठेव, घरी सुखरूप आण." मी सगळ्यांत मोठ्याने "व्हय महाराजा" म्हटलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. दरसाल शिमग्याला आमच्या भावकीतली मुंबईची माणसं घर भरून येतात. बाबल्याने तर शिमगा कधी चुकवलेला नाही. एका वर्षी नोकरी सोडून आला होता. यंदा एकही आला नाही. दुसऱ्या भावकीतले चाकरमानी आले, पाया पडले आणि लगेच उठून गेले. विठू माझ्या शेजारचा, मुंबईत तुमच्या बाबल्याच्याच चाळीत राहतो. मी त्याला विचारलं, "आमचे का रे नाही आले?" तो म्हणाला, "रजा नाही, तात्या." सगळ्या भावकीला एकाच वेळी रजा नाही? भावकी एकाच वेळी कशाने घरात बसते ते मला माहीत आहे. मी म्हातारा आहे, पण इथलाच आहे.

पालखी घरी होती तोवर मी हा विचार बाजूला सारत होतो. तो करणंसुद्धा बरं नव्हतं. आता पालखी उतरली आहे.

आता काय असेल ते कळव.

काशीराम

मुंबई
८ एप्रिल १९८६

काशीरामकाका,

या पत्राचा कोपरा मीच फाडला आहे.

महिपत सतरा मार्चला गेला. कावीळ होती. जानेवारीत डोळे पिवळे झाले तेव्हा आम्हाला वाटलं, महिनाभरात उठेल. फेब्रुवारीत मी तुमच्याकडे आलो तेव्हा तो दवाखान्यात होता. सगुणाबाईंचं औषध त्याच्यासाठी होतं. नसीमा बरी आहे, तिला काही झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलं, आता काही चालत नाही. टीममधल्या सगळ्यांनी आळीपाळीने त्याच्यापाशी बसून रात्री काढल्या. अग्नी बाबल्याने दिला. भावकीने तिथेच सुतक धरलं आणि वाडीत कुणी काही बोलायचं नाही असं ठरवलं.

मी तुम्हाला सहा मार्चलाच सरळ लिहायला हवं होतं. लिहायला घेतलं होतं. महिपत म्हणाला, "नको. बाबांची पालखी आहे. ते सगळं टाकून येतील आणि मग जन्मभर भिकाजीसारखं करत बसतील." मी म्हटलं, नुसतं या म्हणून लिहितो, कारण लिहीत नाही. त्यानंतर तो रोज विचारायचा, गाडी किती वाजता येते?

तुमचं बारा तारखेचं पत्र सोळाला मिळालं. ते मी त्याला वाचून दाखवलं. पुढची दांडी त्याची, हे त्याने दोनदा ऐकलं. मैनाच्या मुलीचा डावा पाय ऐकून म्हणाला, "मग ती पुढे जाईल." परत कधीच आला नाही तरी चालेल, हे मी वाचलं नाही. तुम्ही जसं लिहिलं तसं वाच म्हणाला होतात. एवढं एक मी ऐकलं नाही. बाकी सगळं ऐकलं, आणि ते ऐकायला नको होतं.

टीमने मैदानाला त्याचं नाव द्यायचं ठरवलं आहे. पुढच्या वर्षीही आम्ही येऊ, तुम्ही येऊ दिलंत तर. मी लगेच निघालो असतो, पण तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही. माझी आई फरीदा मालगुंडहून तुम्हाला भेटायला येईल.

युसुफ

वरवाडी
१८ ऑगस्ट १९८६

युसुफ,

पहिल्याच ओळीत लिहितो. तुझी आई आजारी आहे. तिचं उजवं अंग लुळं पडलं आहे आणि जीभ जड झाली आहे. रत्नागिरीच्या दवाखान्यात ठेवलं आहे. शुद्धीवर आहे, माणूस ओळखते. आज निघ.

आता बाकीचं. एवढे महिने मी तुला लिहिलं नाही. राग होता असं नाही, आणि नव्हता असंही नाही. कागद घेतला की कुणाला लिहायचं तेच कळेना. मी फक्त त्यालाच पत्रं लिहीत होतो.

तुझी आई एप्रिलमध्ये आली होती. ओटीवर बसली. जाताना म्हणाली, "भाऊ, चूल पेटवलीत का आज?" नव्हती पेटवली. तिने पेटवली, चहा केला, स्वतःही प्यायली, मगच गेली. नंतर दोनदा आली. पावसाळ्यात यायची थांबली तेव्हा मला काळजी लागली. काल सुकी मासळी घेऊन येणाऱ्या बाईने सांगितलं की फरीदाला दवाखान्यात नेलंय. मी तसाच गेलो.

तिने मला ओळखलं. तिचं बोलणं नीट कळत नव्हतं, पण एवढं कळलं की तुझ्या लीगचे शेवटचे सामने आहेत. ते होईपर्यंत तुला कळवायचं नाही, पोराचं चित्त बिघडेल. तुझ्या भावालाही तिने शपथ घातली आहे, म्हणून तो गप्प आहे. मलाही म्हणाली, "भाऊ, कबूल करा." मी मान हलवली. बाहेर आलो आणि पोस्टात जाऊन तार केली.

पण मला तारेचा भरवसा नाही. आई आजारी म्हणून खोट्या तारा करून माणसं रजा काढतात, हे कंपनीला ठाऊक असणार. म्हणून हे पत्र दोन दिवस गावी आलेल्या विठूच्या हाती देतो. तो आज संध्याकाळच्या गाडीने निघतो आहे, सकाळी तुझ्या दारात येईल. हे तुझ्या साहेबाला दाखव. सांग, लिहिणाऱ्या माणसाचा मुलगा तुमच्याच टीममध्ये खेळत होता.

नावाबद्दल लिहिलं होतंस. मैदानाला त्याचं नाव द्या. दगड मी बघून ठेवला आहे, त्याच खाणीतला, कोपऱ्यात कुणी न्यायचा राहिलेला. तुमचा चर नीट काम करतो, एवढ्या पावसात पाणी साचलं नाही. पोरं चिखलात खेळतात. मैनाची मुलगी तिकडेच असते. मी वरच्या कडेला छत्री घेऊन बसतो आणि खाली पडाल, पाय मोडतील म्हणून ओरडतो. कुणी ऐकत नाही. चेंडू भिंतीला लागून परत येतो, दरवेळी परत येतो.

गणपतीला मुंबईची माणसं येतील तेव्हा मी सगळ्यांना सांगणार आहे, आणि बाबल्याला आधी. यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही. देवी उंबऱ्यावर असली तरी सांगायचं. ती मागे फिरली तर फिरली. दुसऱ्या वर्षी परत येते.

तू आईसमोर गेलास की ती माझ्यावर रागावेल. रागावू दे. सामन्यात दुसरा कोणी खेळेल. गाडी संध्याकाळी सुटते.

काशीराम